पार्ट अजून आलेला नाही

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. शाळेत पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या कदम सरांनाही नाही. एकटा असताना मनातल्या मनात म्हणायला गेलो, तरी अर्ध्यावर मी दुसराच विषय काढतो. तुम्ही मला ओळखत नाही, समोर बसलेले नाही — म्हणून तुम्हाला सांगून बघतो.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे, गाडीच्या पुढच्या डाव्या सीटची. खरं तर त्या सीटवर बसणाऱ्या माणसाची.

मी इस्लामपुरात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे असतात. त्यांना मी मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी फौजेच्या ट्रकवर. बर्फातले घाट, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही — अशा रस्त्यांवर अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली आणि कुठं ओरखडा येऊ दिला नाही. पुढं उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि लायसन गेलं. त्या डोळ्यात इंजेक्शन घ्यायला महिन्यातल्या एका शनिवारी मिरजेला जावं लागतं. सकाळची शाळा सुटली की मी त्यांना घेऊन निघायचो.

आणि मामा पुढं बसायचे.

तुमच्या शेजारी असा माणूस कधी बसलाय का? "पाव्हणं, तिसरा टाका." "पाव्हणं, क्लचवरचा पाय काढा." "आरसा बगा." "म्होरं उसाची ट्रॉली हाय, हॉर्न मारू नगा, त्यो गाणी लावून बसलाय, त्याला ऐकू जात न्हाई." आष्टा येईपर्यंत मी घामाघूम. त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबलेला — नसलेल्या ब्रेकवर. आमच्या गाडीत डाव्या बाजूचं मॅट माझ्या बाजूच्या मॅटच्या आधी झिजलं, यावरून ओळखा.

ते चुकीचं सांगायचे का? नाही. तीच तर अडचण होती. चुकीचं सांगणाऱ्याकडं दुर्लक्ष करता येतं. मामांनी तिसरा म्हटलं की इंजिनही तिसराच मागत असायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि सासऱ्यांशेजारी बसून एकदाही मी स्वतःच्या मनानं गिअर बदलला नव्हता.

अशात कंपनीचं पत्र आलं. आमच्या मॉडेलमध्ये पुढच्या डाव्या बाजूची एअरबॅग सदोष आहे. अपघात झाला तर आतल्या डबीचे धातूचे तुकडे उडून बसणाऱ्याला इजा होऊ शकते. कंपनी ती डबी मोफत बदलून देईल. मात्र सध्या सुटे भाग उपलब्ध नाहीत, ते येईपर्यंत त्या सीटवर कुणालाही बसवू नये.

मी घाबरलो — हे खरं आहे, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा. मामांनी चष्म्यावर भिंग धरून पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, हसतील, उडवून लावतील. पण पत्रावर शिक्का होता, सही होती. "लेखी हुकूम हाय," म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी मागचं दार उघडून गुपचूप मागं बसले. एवढंच नाही, जाड पुठ्ठ्यावर 'येथे बसू नये' असं लिहून तो त्या सीटवर ठेवला. शेजारच्या पाटीलकाकू एकदा बाजारापर्यंत येते म्हणून पुढं बसायला गेल्या, तर त्यांना खाली उतरवलं. पुढं ती सीट भाजीसाठी झाली. वजन पडलं की गाडी बेल्ट लावा म्हणून कोकलायची, तेव्हा मी कोबीच्या पिशवीला बेल्ट लावून सांगली-मिरज केली आहे.

पण तो पहिला शनिवार. काय सांगू तुम्हाला. मागून काहीतरी ऐकू आलं — 'पाव्हणं' एवढंच कळलं, बाकीचं वाऱ्यात गेलं. मी हळूच रेडिओ लावला. तिसऱ्यात टाकायच्या वेळी मी दुसऱ्यातच राहिलो, उगाच, मजा म्हणून. इंजिन ओरडलं. ओरडू दे. आष्ट्याच्या चौकात हवालदारानं मागं बसलेले ताठ मिशीवाले मामा बघितले, साहेब समजून सलाम ठोकला आणि आम्हाला वाट करून दिली. मी ड्रायव्हर ठरलो, पण सुखी ड्रायव्हर.

पहिले दोन महिने मी सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला दर आठवड्याला फोन करायचो. तिथली मुलगी म्हणायची, "सर, पार्ट अजून आलेला नाही." मी चिडायचो. मग पंधरवड्यानं करू लागलो. मग महिन्यानं. शेवटी शेवटी तर फोन करताना — हे आता सांगतोच — तिनं नाही म्हणावं अशी माझी इच्छा असायची, आणि तिनं नाही म्हटलं की मी "असं कसं चालेल" म्हणायचो.

पाचव्या महिन्यात पार्ट आला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटाच सांगलीला गेलो. दीड तासाचं काम. मेकॅनिकनं कागद हातात दिला आणि म्हणाला, आता खुशाल बसवा कुणालाही. येताना मी ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या सांगायचं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"काय म्हनत्यात? आला का पार्ट?"

"नाही अजून," मी म्हणालो.

विचार करून नाही बोललो. तोंडातून आलं. पण एकदा आलेलं खोटं दुसऱ्या दिवशी मागं घेता येतंच की. कुणी अडवलं होतं? कागद मी गाडीच्या माहितीपुस्तकात घडी करून ठेवला आणि पुढचे अकरा महिने ती डबी जिथं बसवलेली होती तिथंच बसलेली असताना, मी तिची वाट बघत राहिलो.

खोट्याला रोज खाऊ घालावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. आधी मी तो पार्ट परदेशात बनवायला टाकला. मग जहाजात चढवला. मग बंदरावर अडकवून ठेवला. सगळं संपलं तेव्हा म्हणालो, "आला होता मामा, पण उजव्या बाजूचा आला." मला वाटलं, आता पकडला जाणार. मामांनी मान हलवली. "फौजेत बी असंच. एकदा बूट मागवलं, तर समद्या पलटणीला डावंच आलं." त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता.

मग त्यांनी स्वतः लढाई हातात घेतली. कंपनीला पत्र लिहिलं. अक्षर असं की रांगेत उभे केलेले जवान. 'मी माजी सुभेदार, माझे जावई शाळेत गुरुजी असून अत्यंत सालस मनुष्य आहेत, त्यांना आपण विनाकारण हेलपाटे घालायला लावत आहात.' पत्र माझ्याकडं दिलं टाकायला. आणखी दोन लिहिली, तीही माझ्याकडंच दिली. त्या अत्यंत सालस मनुष्यानं ती तिन्ही पत्रं प्रयोगशाळेच्या कपाटात, लिटमसच्या खोक्यामागं ठेवली. आजही तिथंच आहेत.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गंमतच झाली असती ना? जावयानं सासऱ्याला मागं बसवलं, लोक हसले असते. मलाही इथंच थांबावंसं वाटतंय. पण मूळ गोष्ट अजून सांगायचीच आहे.

मामांनी शनिवारचा उपास धरला. तोही मिरजेला जायचं असेल त्याच शनिवारी. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "आबा म्हातारपणी देवाधर्माचं करायला लागले, बरं झालं." मीही बरं झालं म्हणालो. मग एकदा आरशात माझं लक्ष गेलं. मामा डोळे मिटून बसले होते. नाकाशी रुमाल, रुमालात लिंबाची फोड. कपाळावर घाम. दारावरची आधाराची कडी एका हातानं अशी धरलेली की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, झोप लागली असेल. वाटलं का? असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात आष्ट्याच्या अलीकडं त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "जरा थांबा. पाय मोकळं करतो." उतरले आणि बाभळीच्या आड गेले. मी आरशातून बघत होतो. वाकले, झाडाला हात टेकला. बऱ्याच वेळानं सरळ झाले. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, मिशी पुसली, रुमालाची घडी घातली आणि परेडला आल्यासारखे चालत आले.

"चला," म्हणाले.

जन्मभर स्टिअरिंगमागं बसलेल्या माणसाला मागच्या सीटवर गाडी लागत होती. पुढचा रस्ता दिसला, उजव्या पायाखाली काहीतरी दाबलं, पुढचा गिअर आधी कळला, की त्यांना बरं वाटायचं. म्हणून ते बोलायचे — मला शिकवायला नव्हे. आणि फौजेच्या ट्रकवाल्याला ओकारी येते, हे ते मेले तरी कुणाला सांगणार नव्हते.

मला सगळं कळलं, त्याच क्षणी. आणि मला फक्त म्हणायचं होतं, "मामा, पार्ट बसलाय, पुढं या." मी गाडी सुरू केली आणि रेडिओ लावला.

त्यानंतर चार वेळा मी त्यांना तसंच नेलं. चार वेळा ती बाभळ आली. मी आधीच गाडी हळू करायचो — एवढा मी समजूतदार.

मग मामाच म्हणाले, "पाव्हणं, तुमाला शाळंची दगदग. मी यष्टीनं जातो. ड्रायवरच्या बाजूची शिट गावती, म्होरचं समदं दिसतं." मी "कशाला मामा" म्हणालो. एकदाच म्हणालो. ते तीन महिने एसटीनं गेले आणि खुशीत आले. पोटभर खाऊन जायचे. उपास सुटला. आल्यावर सांगायचे, अमक्या ड्रायव्हरचा हात काय सुंदर हाय. ते असं बोलायला लागले की मी वह्या तपासायला घ्यायचो.

चौथ्या वेळी सांगलीच्या स्टँडवर उतरताना त्यांना शेवटची पायरी दिसली नाही. उजवा डोळा तो तसा, आणि तोल गेला तो उजवीकडंच. एका कंडक्टरनं शाळेत फोन केला, त्यांना मिरजेला दवाखान्यातही त्यानंच पोचवलं. मी पोचलो तेव्हा मामा बाकावर ताठ बसले होते, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरात. मला बघून म्हणाले, "तुमचा तास बुडीवला."

गाडीशी आलो. ते सवयीनं मागच्या दाराकडं गेले. डाव्या हातानं दार काही त्यांना उघडता येईना. मी पुढचं दार उघडलं.

"पुढं बसा, मामा."

"आन् पार्ट?"

बघा, देवानं मला दुसरी संधी दिली होती. दुपारची वेळ, दवाखान्याचं आवार, आम्ही दोघंच. खरं बोलायला याच्यापेक्षा बरी जागा मिळत नाही. आणि मी म्हणालो, "कालच बसवला. तुम्हाला आज सांगणारच होतो."

मामा थांबले. चेहरा उजळत गेला. एवढं दुखत असताना हसले. "तिसऱ्या पत्रात मी त्यांस्नी कडक लिवलं हुतं," म्हणाले. "त्यानंच हाललं बगा."

मी त्यांना बेल्ट लावला. त्यांनी मला शाबासकीही दिली, डाव्या हातानं, पाठीवर.

त्याला आता दीड वर्ष झालं. मामांची ख्याती गल्लीभर झाली आहे. मोठ्या कंपनीला नमवलेला माणूस. कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं, कुणाच्या मीटरचं चुकीचं रीडिंग आलं, की लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतात. मामा पत्र सांगतात आणि मी लिहून घेतो. कारण प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. पेन धरलं की गळतं. ते रांगेतले जवान आता उभे राहत नाहीत. माझ्या गिचमिड अक्षरातली पत्रं जातात. ही मी टाकतो, सगळी, त्याच दिवशी. यातल्या काहींना उत्तरंही येतात.

परवा पाटीलकाकू त्यांच्या फ्रीजचं गाऱ्हाणं घेऊन आल्या होत्या. मामांनी त्यांना आधी एअरबॅगची हकीकत ऐकवली, नेहमीसारखी, पहिल्या पत्रापासून. तिसऱ्या पत्रानंतर कंपनीची कशी पळापळ झाली, इथपर्यंत आले आणि माझ्याकडं वळले.

"व्हय का न्हाई, पाव्हणं? तुमी हुताच की."

सुनंदा कौतुकानं बापाकडं बघत होती. काकू माझ्याकडं बघत होत्या. माझ्या मांडीवर कोरा कागद होता.

"व्हय," मी म्हणालो, आणि कागदावर वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.