माझ्या जागी झोपणारा

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसायला, हे आधीच कबूल करतो. पिंपळाखालची बाई, उलट्या पायाचा म्हातारा... दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. जळालेल्या मोटरची तांब्याची तार काढायची, नवी भरायची. त्यात भूतबित काही नसतं. करंट असतो, नाही तर नसतो. तेव्हा आता माझं वाचून तुम्ही हसलात तर तक्रार करायला मला तोंड नाही. फक्त एक विनंती — ‘दारू सुटताना माणसाला भास होतात’ असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. भास मला झालाच नाही. मला काही दिसलंच नाही हो! तीच तर बोंब आहे... दिसलं, कळलं ते बाकीच्यांना. मी सोडून.

ठिकाण अकोला, रेल्वे लाईनच्या पलीकडची एक साधी कॉलनी. घराची रचना नीट सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. समोर हॉल, हॉलमध्ये दिवाण. मागे बेडरूम. बेडरूमला दार एकच आणि ते हॉलमध्ये उघडतं. बेडरूमच्या खिडकीला बाहेरून कूलर लावलेला, लोखंडी स्टँडवर. तो भरायचा तर हॉलमधून बाहेर पडायचं, घराला वळसा घालून बोळीत जायचं आणि तिथल्या ड्रममधून बादलीनं पाणी ओतायचं. खिडकीला गज. घरात माणसं दोन — मी आणि बायको, सुजाता. ती सरकारी ऑफिसात क्लार्क. मुलगी शिकायला पुण्यात.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मे महिन्यात आमच्याकडे कूलरचं पाणी मध्यरात्रीनंतर संपतं. पंप कोरडा घरघरायला लागतो, खिडकीतून भट्टीसारखा वारा येतो, आणि नवरा-बायको दोघंही जागे असून झोपेचं सोंग घेऊन पडून राहतात. जो आधी हलेल त्यानं उठून भरायचा. घरोघरी हीच स्पर्धा. आमच्या संसारात ती मी एकदाही हरलो नव्हतो, कारण माझं सोंग नसायचं. मी प्यालेला असायचो.

तर ही दारू मी सोडायला घेतली. डॉक्टर म्हणाले, एकदम तोडू नका, मी सांगतो तशी कमी करा, देतो त्या गोळ्या घ्या. कमी केली. मग बंद केली. हात थरथरायचे, तार धरता येईना, तेही सोसलं. पण झोप! दारू घरातून गेली तशी झोपही तिच्या मागोमाग गेली, जणू दोघींनी एकाच बसचं रिझर्वेशन केलं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी पलंगावर तिची वाट बघत या कुशीवरून त्या कुशीवर.

शेवटी सुजाता वैतागली. “तुमी हॉलमंदी जा बरं. मले सकाळी ऑफिस आहे. रातभर मासोळीवानी तडफडून राहिले तुमी!”

गेलो. दिवाणवर टेबल फॅन लावून बसायचो. झोप नसलेल्या माणसाचा जळफळाट काय असतो ते ज्याला झोप येते त्याला कळणार नाही. दाराआडून बायकोचा संथ श्वास ऐकू आला की मी जळायचो. गल्लीतलं कुत्रं झोपेत पाय हलवायचं, त्याच्यावरही जळायचो — बेट्याला स्वप्नंसुद्धा पडतात! शेजारचे गफ्फारभाई, टेलर आहेत, पहाटे नमाजला निघाले की माझ्या खिडकीशी हमखास थांबायचे. “क्या प्रकाशभाऊ, आज बी चौकीदारी?” ताजातवाना चेहरा. त्यांच्यावर तर फारच जळायचो.

आणि एके दिवशी सकाळी सुजातानं चहा दिवाणवर आणून दिला. सोबत बिस्किटं. आमच्याकडे हे पाहुण्यांना मिळतं.

“रात्री कूलर भरला तुमी,” ती म्हणाली. “लय बरं वाटलं. झोप मोडली नाही माही.”

मी म्हटलं, हा टोमणा. रात्रभर मी दिवाणवरून उठलो नव्हतो. चहा घेऊन बोळीत गेलो. कूलरची टाकी काठोकाठ, बादली ओली. म्हणजे हिनंच झोपेत उठून भरला असणार. पण कशी? बाहेर जायला तिला माझ्या समोरून जावं लागलं असतं आणि मी तर टक्क जागा.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? सांगितलं असतं, बाई, मी नाही भरला. मी परत आलो, दुसरं बिस्किट घेतलं आणि म्हणालो, “अवं, त्यात काय एवढं!”

माझ्या आयुष्यात गाढवपणाची कमतरता नाही, पण हा अव्वल नंबर.

कारण मग रोजच कूलर भरलेला. रोज चहा, बिस्किटं, एकदा तर तर्री-पोहे. मीही पोहे खाऊन ऐटीत दुकानात. आयतं श्रेय पचतं चांगलं. असेल काही, म्हटलं, गफ्फारभाई भरत असतील पुण्य म्हणून. एक दिवस सुजाता केस विंचरता विंचरता म्हणाली, “घोरनं बंद झालं तुमचं. येऊन झोपता ते समजत बी नाही. हातात हात घेता तवाच समजते.”

चहा माझ्या लेंग्यावर सांडला. “कोणाचा हात?”

“माहा! अजून कोणाचा घेता?”

तेव्हापासून जे पेटलं ते विचारू नका. पहिला विचार सरळ — कोणी तरी येतो. मी बसलेलो असताना, माझ्या नाकासमोरून. खिडकीचे गज हलवून पाहिले. कडी पाहिली. गफ्फारभाईंच्या साठ वर्षांच्या गुडघ्यांकडेही संशयानं पाहिलं, अल्ला मला माफ करो. मग त्या रात्री ती झोपल्यावर मी दिवाणच ओढला आणि बेडरूमच्या दाराला आडवा लावून त्यावर बसलो. म्हटलं, आता ये लेका!

सकाळी आतून धडाधड दार वाजलं. “अवो! दिवाण काहून लावला दाराले?” मी ओढून बाजूला केला. ती बाहेर आली, दिवाणकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अन् मंग रात्री तुमी अंदर आले कुठून?”

मी सरळ बाहेर धावलो. बोळीत कूलर भरलेला होता.

आता कोण येतो यापेक्षा तो काय करतो याचीच आग जास्त. मी आडून आडून विचारायचो. स्वतःच्याच बायकोकडे स्वतःचीच चौकशी!

“काल... काय म्हणत होतो मी रात्री?”

“तुमी कुठी म्हणता काही. आयकता. इतक्या वर्षांत पयल्यांदा माहं पुरं आयकलं तुमी. मधात तोंड नाही घातलं.”

“ऐकतो की मी नेहमी!” मी म्हणालो.

“नाही, ऑफिसमंदी त्या दिवशी जे झालं ना, मी सांगतलं तवा—”

“अगं, ऑफिसातले लोक तसेच असतात, तू लक्ष देऊ नको!”

ती उठून भांडी आवरायला गेली. मी बसलो आपलं वाक्य परत परत ऐकत.

त्या दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि पाय आपोआप जुन्या बारकडे वळले. जुना वेटर, जुनं टेबल, न मागता शेंगदाणे आले. डोक्यातला हिशोब असा — दोन पेग मारले तर आज रात्री झोप लागेल. मी पलंगावर झोपेन. मी पलंगावर असलो तर त्याला जागा नाही. पटण्यासारखं होतं की नाही? ग्लास ओठापर्यंत आला... आणि एकदम वाटलं, अरे, मी प्यालो तर उद्यापासून ती उघड त्याच्याच बाजूची होईल! एकीकडे न पिणारा, कूलर भरणारा, मधे न बोलणारा. दुसरीकडे मी. ग्लास ठेवला. शेंगदाणे खाल्ले, पैसे दिले, उठलो. वेटर बघतच राहिला.

लोक बायकोसाठी सोडतात, लेकरांसाठी सोडतात. मी त्या माणसावर जळून सोडली. हे मी कोणत्याही देवळात, विहारात शपथेवर सांगेन.

त्या रात्री हट्टानं पलंगावर जाऊन पडलो. शुद्धीवर, डोळे उघडे, लाकडासारखा ताठ, ती जागी होऊ नये म्हणून वळवळलोसुद्धा नाही. पाणी संपलं, पंप घरघरला, तरी हललो नाही. मधे कधीतरी तिनं हात लांब करून माझ्या बाजूला चाचपडलं. माझ्या छातीवरून तिचा हात फिरला. मी तो धरणार, इतक्यात तिनं काढून घेतला आणि कूस बदलली.

सकाळी म्हणाली, “रात्री कुठी गेलते? पलंग खाली होता.”

“मी इथंच होतो, तुझ्या शेजारी!”

“काही बी सांगू नका. हात फिरवून पाह्यला मी. नुसती गादी होती.”

बाहेर आलो तर भिंतीपलीकडून गफ्फारभाई हसत होते. “मुबारक हो प्रकाशभाऊ! आखिर लगी आँख तुमाले. नमाजला निघालो तर दिवाणवर हातपाय पसरून, घोडे बेचके! आवाज दिला दोनदा. म्हटलं, झोपू द्या बिचाऱ्याले.”

दिवाणवरची चादर चुरगळलेली होती. उशीला डोक्याचा खळगा. मी तो खळगा बघत उभा राहिलो आणि खरं सांगतो, भीती वाटली नाही. फक्त वाटलं — हरामखोर, झोपला! माझी झोप झोपला!

दोन-तीन दिवसांनी सुजाता ऑफिसातून पेढे घेऊन आली. प्रमोशनची ऑर्डर. बदली मोर्शीला. तिचं माहेर मोर्शीचं, माझा त्या गावाशी संबंध जावई म्हणून जेवण्यापुरता.

“घेतलं प्रमोशन मी,” ती म्हणाली. “तुमी म्हणले म्हणून. नाही त मी कुठी घेत होती.”

“मी काय म्हणालो?”

“पयल्यांदाच बोलले परवा रात्री. म्हणले, घे तू. दुकान काय, मोर्शीले बी टाकता येते. मी येतो संग.”

माझं दुकान. माझी गिऱ्हाइकं. माझ्या वतीनं त्यानं ‘हो’ सांगून टाकलं होतं! आता मात्र सहन झालं नाही. पेढा हातात तसाच, आणि मी सगळं ओकलो. कूलर मी एकदाही भरला नाही. हात मी धरला नाही. मी दिवाणवरच होतो. “सुजाता, तो मी नव्हतो.”

मला वाटलं ती किंचाळेल, रडेल. ती पेढ्याच्या डब्याला रबर लावत म्हणाली, “मालूम आहे मले.”

“काय मालूम आहे?”

“पयल्या दिवशी वाटलं तुमीच. मंग हात धरला त्यानं. तुमचे हात थरथरतात. त्याचा थरथरत नाही.”

“आणि तू मला ‘तुमी, तुमी’ म्हणत राहिली?”

“तुमी बी त पोहे खात राहिले!”

मी म्हणालो, “कोणाला तरी सांगायचं होतंस!”

“कोणाले सांगू? पोलिसात जाऊ? म्हणू, साहेब, घरात माणूस शिरला अन् कूलर भरून गेला?”

“भीती नाही वाटली तुला?”

तिनं डबा फळीवर ठेवला. “आधीच्याची वाटे,” ती म्हणाली.

पंखा फिरत होता. पेढा माझ्या हातात मऊ झाला.

“मी मोर्शीले जाऊन राहिली,” ती म्हणाली. “तो त येतो म्हणला होता. आता तुमचं तुमी पाहा.”

...आलो. सामान टेम्पोत चढवताना गफ्फारभाईंनी गळाभेट घेतली, आणि मला कानात म्हणाले, “वो दूसरे साब नहीं आ रहे?” चेष्टा होती की काय होतं, आजही कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मोर्शीत संत्र्याच्या बागा, बागांत पंप, पंपांच्या मोटरी जळत असतात, धंदा बरा चाललाय. हात आता स्थिर आहेत. बाटलीला शिवलेलो नाही. झोप येते, तुकड्यातुकड्यानं, पण माझी मला येते. तो इथे आलेला नाही. त्यानं दिलेला शब्द मात्र मी पाळत बसलोय आणि कौतुक झालं की ते नक्की कोणाचं, हे मला समजत नाही.

परवा संध्याकाळी सुजाता वाळलेले कपडे घड्या करत होती. मी सहज विचारलं — सहज कसलं, महिनाभर घोकलेलं — “त्याची आठवण येते का?”

“येते कवा कवा,” ती म्हणाली. लाजली नाही, काही नाही.

जिभेवर माझ्या काय काय आलं म्हणून सांगू! पण गिळलं. आणि ती सांगायला लागली. तो कसा बसायचा, काय ऐकून हसायचा, ती रडली तेव्हा काय केलं. बराच वेळ. मी मधे एक शब्द बोललो नाही. शेवटपर्यंत ऐकलं. एवढं सगळं ऐकलं, पण तो कोण होता, कुठून आला, दिवाण ओलांडून आत कसा गेला, यातलं काही त्यात नव्हतं. तिलाही माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणाला असं काही माहीत असेल तर जरूर कळवा. कुठे भेटलाच तर त्याला माझा नमस्कार... नको. काहीच सांगू नका. उगाच मोर्शीचा पत्ता विचारेल.