निर्वैर सोहीचं ऊन

पंजाबी सिनेमाचा दिग्दर्शक निर्वैर सोही याच्या मुलाखती ऐकल्या, की वाटावं या माणसानं ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात वेल्डिंग करून हात पोळून घेतलेत. रत्नागिरीच्या बाबामियाँना मात्र हे ऐकून हसू फुटायचं. ते त्याच कारखान्याच्या लेबर कॅम्पात भटारी होते आणि निर्वैर होता स्टोअरचा कारकून. एसीत बसून मजुरांना हातमोजे वाटायचा. ठिणगी त्यानं पाहिली ती खिडकीच्या काचेतून.

तो जेमतेम दीड वर्षं टिकला. पण कॅम्पात कुणी घरी फोन करून रडत असला, की याचा मोबाइल शूटिंगला हजर! त्यातलीच एक फिल्म पंजाबातल्या कुणा निर्मात्यानं पाहिली आणि साहेब मोहालीला गेले. पहिला सिनेमा चालला. मग त्यानं तोच आणखी दोनदा काढला, फक्त नायकाच्या पगडीचा रंग बदलून. दोन्ही आपटले. तेव्हा कुठे त्याला मजुरांच्या दुःखाची पुन्हा आठवण झाली.

गेल्या जूनमध्ये तो लवाजमा घेऊन सोहारला आला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यानं कॅम्पातलीच माणसं भर दुपारी उन्हात उभी केली. त्या दिवसांत दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते, हे बाबामियाँनी त्याला सांगितलं.

"ये काम थोडी है, चाचा! आर्ट है," छत्रीखाली बसलेला निर्वैर म्हणाला. नायक गाडीत झोपला होता.

मजूर चक्कर येऊन पडतात, असा शॉट होता. तिसऱ्या टेकला भिकाजी, कॅम्पातला पन्नाशीचा रंगारी, खरोखरच कोसळला.

"कट नहीं करना! चेहरा पकडो!" निर्वैर आनंदानं ओरडला.

बाबामियाँ पाण्याची बादली घेऊन धावले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून भिकाजीपाशी बसले.

"चाचा, हटो!"

"तू हट आधी. दीड वर्षं माझ्या हातचं जेवलास, पण तुला घाम आलेला मी एकदा पण बघितला नाय." मग ते बाकीच्यांकडे वळले. "यल्ला, खलास! चला खोलीवर."

सगळे निघून गेले.

संध्याकाळी निर्वैर दवाखान्यात आला. भिकाजीला सलाइन लावलेलं होतं. 'कसा आहेस' हेही न विचारता निर्वैरनं तो शॉट वापरायच्या परवानगीचा कागद पुढे केला. बाबामियाँनी तो फाडून त्याच्याच खिशात कोंबला.

शॉट तरीही सिनेमात आला. सिनेमाला वास्तववादासाठी बक्षीसही मिळालं. 'त्या उन्हात मी स्वतः चक्कर येऊन पडलो होतो,' असं निर्वैर स्टेजवर रडत रडत बोलला. त्या भाषणाचा व्हिडिओ बाबामियाँच्या लेकीनं, नूरैननं, रत्नागिरीहून पाठवला.

"हा कधी पडला?" भिकाजीनं विचारलं.

"तोंडावर पडायचा आहे अजून," बाबामियाँ म्हणाले.

आता म्हणे तो ओमानमधल्याच सूर बंदरात, गलबतं बांधणाऱ्या सुतारांवर सिनेमा काढतोय. तिथल्या कॅम्पातल्या भटाऱ्याला बाबामियाँनी आधीच फोन करून ठेवलाय.