काहीच न घातलेली बरणी

पंधरा दिवसांपूर्वी मी नातीचा प्रयोग बिघडवला. ओट्यावर, माझ्याच हाताने. पण डोकं फिरलंय ते तिच्या सरांमुळे...

नात मानसी, नववीत. माणगावला विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे तळ्याच्या पाण्यावरचं तेल कशाने निघतं ते तिला दाखवायचं होतं. विषय शाळेचा, पण भांडण घरचं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बोटीच्या इंजिनाचे भाग गावच्या तळ्यावर नेऊन धुतो. सगळेच धुतात. समुद्रात काहीही टाका, ओहोटी घेऊन जाते, तीच सवय... तळ्याला कुठली आलीय ओहोटी? मानसी बोलली की म्हणतो, "जातं गं चार दिवसांत आपोआप."

म्हणून पोरीने चार बरण्या मांडल्या. तळ्याचं पाणी, थोडं शेवाळ, वर चमचाभर काळं तेल. एकीत नारळाचा काथ्या, एकीत पेंढा, एकीत कापूस. चौथीत काहीच नाही.

चौथ्या दिवशी ती शाळेत गेली होती. मी केर काढताना बघितलं, म्हटलं ही बरणी पोरगी विसरली वाटतं. ती घाण बघवेना... घातला मूठभर काथ्या.

संध्याकाळी तिने येऊन ती बरणी उचलून बघितली. "आजी, तीच तर बरणी पप्पांसाठी होती! काही न करता तेल जातं का, ते त्यातच दिसणार होतं." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत गेले. सरांना म्हटलं, चूक माझी आहे, पोरीला आठ दिवस वाढवून द्या. तर सर हसले. "आजी, एवढं काय त्यात? अंदाजे आकडा टाकू. तिथे कोण बरणी हुंगायला येतंय?"

मग मात्र माझं तोंड सुटलं. "सर, मी जन्मभर मासळी विकली. शिळी मासळी ताजी म्हणून दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी तोंडावर आणून मारतं. आणि तुम्ही शाळेत बसून पोरांना हेच शिकवता?"

सर म्हणाले, मग तिला नेता येणार नाही, तारीख काही थांबत नाही. मी मानसीकडे बघितलं. डोळे भरलेले, पण म्हणाली, "नका नेऊ सर. खोटा आकडा पप्पांना कुठल्या तोंडाने दाखवू?"

सर दुसऱ्या मुलाचा ज्वालामुखी घेऊन गेले. सोडा घातला की फेस येतो तो. आमच्या किनाऱ्यावर ज्वालामुखीचा फार त्रास आहे ना!

इकडे पोरीने चारही बरण्या धुऊन पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. मी ओट्याकडे फिरकले नाही.

परवा आठवा दिवस झाला. काथ्याने बरंच तेल ओढलेलं, पेंढ्याने आणि कापसाने थोडं कमी. काहीच न घातलेल्या बरणीत तवंग होता तसाच, आणि खाली शेवाळ कुजून काळं. तिचा बाप वाकून वाकून बघत होता. मग त्याने तिची वही चाळली. त्यात लिहिलेलं, "चौथा दिवस. आजीने चौथ्या बरणीत काथ्या घातला. प्रयोग पुन्हा सुरू." वाचलं आणि माझ्याकडे बघून फिदीफिदी हसला.

म्हटलं, "हसतोस काय? माझी चूक तिने लिहिली, मी खोडून टाक म्हटलं नाही. आता तुझं बोल. इंजिन कुठे धुणार?"

तळ्यावर काही तो गेलेला नाही. इंजिनाचे भाग परवापासून पडवीत पडून आहेत, येता-जाता माझ्या पायात येतात...

येऊ देत.