दारामागचा केर

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा कुमुदच्या माहेरचा नियम. गुडगावच्या नव्या सेक्टरात, एका बाजूला मोहरीचं शेत आणि दुसऱ्या बाजूला काचेची ऑफिसं अशा फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही तिने तो सोडला नाही. नवरा सुधाकर परदेशी कंपनीत होता, दर सोमवारी विमानाने पुण्याच्या कारखान्यात जायचा. तो चिडवायचा, "तुझ्या आईच्या वेळी आगगाडी होती, केरसुणीला चांगली दोन दिवस सुट्टी मिळायची. आता पालम ते लोहगाव दोन तास. बिचारीचं नुकसानच झालं."

एका सोमवारी लोहगावला उतरल्या उतरल्या त्याने फोन करून पोहोचल्याचं सांगितलं. घरी पाहुणे यायचे होते, कुमुदने लगेच केर काढायला घेतला. दारामागचा कोपरा तेवढा राहिला होता, तेव्हा पुन्हा फोन वाजला. विमानतळावरून शहरात जाताना सुधाकरच्या टॅक्सीला ट्रकने उडवलं होतं. आपण विमानाचे दोन तास धरले आणि पुढचा रस्ता धरलाच नाही, हे कुमुदच्या मनाने घेतलं ते कायमचं.

तो कोपरा तिने पुन्हा झाडला नाही. सुधाकर बूट तिथेच काढायचा. केर निघाला नाही तोवर माणूस वाटेतच आहे, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं. दिवसकार्य झालं, चारचौघांत ती रडलीही, पण मनातून तिने त्याला रस्त्यावरच ठेवलं होतं. आणि संध्याकाळी पालमला उतरणारं विमान गच्चीवरून घरघरत गेलं की दारामागे बूट काढल्याचा आवाज यायचा. आधी एक, मग दुसरा. ती स्वयंपाकघरातूनच "आलात?" म्हणायची. उत्तर कधी आलं नाही, आणि बाहेर येऊन बघायची तिची छाती झाली नाही. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. घर मात्र ती स्वतःच झाडायची, कामवालीला केरसुणीला हात लावू देत नसे.

मुलगी वैभवी मोठी झाली आणि तिला नोकरी लागली तीही नेमकी पुण्यात. निघताना कुमुदने तिच्या हातावर दही घातलं. फोन विमानतळावरून करू नकोस, खोलीवर जाऊन आतून कडी लावलीस की मगच कर, असं चारचारदा बजावलं.

दुपारी फोन आला.

"आई, पोहोचले. कडी पण लावलीये, बिल्कुल. आणि सुन ना, निघायच्या आधी दारामागचा तो कोपरा मी झाडून घेतला. कितनी धूल होती यार. तुझे गुडघे दुखतात, म्हणून राहत असेल."

"बरं केलंस," कुमुद म्हणाली.

कोपऱ्यातल्या फरशीचा रंग पिवळा होता, हे ती विसरूनच गेली होती. संध्याकाळी विमान गच्चीवरून गेलं. कुमुद कणीक मळता मळता थांबली आणि कान देऊन उभी राहिली. बूट वाजले नाहीत. तिने हळूच विचारून पाहिलं, "आलात?" मग पहिल्यांदाच ती बाहेर येऊन दारामागे बघून आली.

सुधाकर पोहोचला होता. इतक्या वर्षांनी त्या संध्याकाळी कुमुद विधवा झाली.