झाड बदललं की माणूस बदलायचा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुकानात माझी अशी फजिती झाली की सांगायची सोय नाही... पण सांगतेच. डहाणू रोड स्टेशनपासून जरा पुढे, मसोलीला आमचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटंसं दुकान आहे. मी कॉम्प्युटरवर, नवरा नितीन झेरॉक्सवर. नऊ वर्षं हीच वाटणी.

टाइपिंगच्या बाबतीत मी आहे जरा शिष्ट, कबूल. कीबोर्डकडे न बघता मराठी, इंग्रजी दोन्ही धडाधड! नितीन एका बोटाने अक्षर शोधत बसतो, ते बघूनच माझं डोकं फिरतं.

तर झालं काय, दोन-तीन महिने उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. आधी फक्त पहाटे, मग दिवसभर... एकदा तर चहाचा कपच हातातून सुटला. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबतेय. मनगट सरळ ठेवा, कीबोर्ड कोपराच्या पातळीला आणा, अर्ध्या अर्ध्या तासाने उठा आणि मुख्य म्हणजे टाइपिंग कमी करा, नाहीतर बोटांतली ताकद जाईल.

मी काय केलं? खुर्ची उंच केली, मनगटाला पट्टा आणला, कीबोर्डपुढे ठेवायची मऊ उशी मागवली. टाइपिंग तेवढं कमी केलं नाही... ॲडमिशनचे दिवस, दारात रांग, उठणार कधी?

त्या मंगळवारी सोमीबाई आल्या, लेकीला घेऊन. बोर्डीकडे चिकूच्या वाडीत कामाला जातात. लेकीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख तीच.

फॉर्म भरत आणला, मोबाइलवर ओटीपी आला... आणि माझी बोटं बधिर! तीन दाबायला गेले की सहा पडतोय. पहिला ओटीपी चुकला, दुसरा मागवला, तोही चुकला. आता तिसऱ्यांदा चुकलं असतं तर त्या दिवसापुरती साइट बंद. पोरगी रडवेली झाली आणि मला दरदरून घाम फुटला.

“बाय, हात मेलाय तुझा,” सोमीबाई म्हणाल्या. “ऊठ तू. त्याला बसव.”

मी म्हटलं, अहो, त्याला नाही जमत. तर बाई हसायलाच लागल्या. त्यांच्याकडे म्हणे एक झाड झालं की माणूस बदलतो. लांब काठीच्या जाळीने चिकू काढणारी खाली बसून फळं निवडते आणि निवडणारी काठी धरते. सारखं वर बघून मान धरते ना, म्हणून.

“हुशार बाईला आम्ही आधी खाली बसवतो. ती आपणहून काठी सोडतच नाय... आन मग मान जाते तिची.”

सगळं दुकान हसलं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार... पण उठले बाई एकदाची.

नितीन बसला. एकेक आकडा मोठ्याने म्हणत, एका बोटाने त्याने ओटीपी टाकला... आणि लागला! हुश्श. मग स्वारीने सबमिट दाबण्याआधी अख्खा फॉर्म वाचून दाखवला, तर पोरगी एकदम ओरडली, “दादा, जन्मसाल चुकलंय!” ते मी टाइप केलेलं होतं. नऊ वर्षांत मी कधी कुणाला फॉर्म वाचून दाखवला नव्हता.

माय-लेकी खुशीत गेल्या. मी नितीनला म्हटलं, मी बसतो असं तू आधी कधी का नाही म्हणालास? तो झेरॉक्सचे कागद सारखे करत म्हणाला, “म्हणालो होतो की. दुकान उघडलं त्याच आठवड्यात. तू म्हणालीस, राहू दे, तुझ्याने होणार नाही.”

मला आठवतही नव्हतं. त्याला शब्द न् शब्द आठवत होता. खूप वाईट वाटलं, खरंच.

आता आमचं ठरलंय. दहा फॉर्म झाले की जागा बदलायची. मी झेरॉक्सवर असते तेव्हा त्याचं ते अक्षर शोधणं बघत गप्प राहायचं, हे डॉक्टरांच्या सगळ्या पथ्यांपेक्षा अवघड आहे हो... रांग थोडी लांबते, एखादा कुरकुरतो. पण महिन्याभरात मुंग्या जवळजवळ गेल्यात आणि डॉक्टरही खूश आहेत.

सोमीबाई, लेकीकडे मोबाइल आहे, ती दाखवेल तुम्हाला ही पोस्ट... तुमच्यामुळे माझा हात वाचला. आणि माझ्या नवऱ्याला हे काम जमतं, हे मला नऊ वर्षांनी कळलं. त्याला बिचाऱ्याला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.