सुकापूरचा घुमणारा हॉल

"म्याडम, ह्यो पन सेट बाद हाय. यापेक्षा मोठा द्या," रवीशेठनी खोका काउंटरवर ठेवला.

मी पनवेलमध्ये होम थिएटर विकते, घरी जाऊन बसवते आणि बिघडलं तर दुरुस्तही मीच करते. त्यामुळे थापा मारायची सोय नाही. मारल्या तर माझ्याच गळ्यात पडतात. रवीशेठना ऑल-इन-वन हवा होता, म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकर, रिमोट सगळं एकाच खोक्यात. पहिला सेट त्यांनी दुसरीकडून घेतला होता, हा माझ्याकडून. मी चालवून बघितला. ठणठणीत होता.

"बिघाड काय आहे?"

"फुल आवाज केला तरी बाबांना डायलॉग कलत नाय. आमी सगली हसतो, ते नुसते बघत बसतान. आता तर हॉलमध्ये येतच नाय, जेवले का ओट्यावर जाऊन बसतान." त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. "कान गेले त्यांचे. जास्त वॉटचा द्या."

ऐकून वाईट वाटलं, पण संशयही आला. खोक्यावर छापलेले हजारो वॉट ही बहुतेक वेळा जाहिरात असते. बघायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे आवाज न फाटता सेट सतत किती जोर लावू शकतो तो. त्या हिशेबात माझा सेट भरपूर होता.

"आधी घर बघते, मग मोठ्याचं बोलू," मी म्हटलं.

"घरात काय बघायचाय?"

"आहे काहीतरी."

परत आलेला खोका गाडीत टाकून मी सुकापूरला त्यांच्या घरी गेले. हॉल खरंच देखणा होता. छतापर्यंत चकचकीत टाइल्स, मोठाल्या काचा, पडदा नाही, सतरंजी नाही. सोफा एकच, तोही भिंतीला टेकवलेला. घरातल्या लग्नांच्या हळदीला सगळे तिथेच नाचतात, म्हणून मधली जागा मोकळी. मी मध्ये उभी राहून एक टाळी वाजवली. हात खाली आले तरी टाळी घुमतच होती.

रोग सापडला. गुळगुळीत भिंतींवरून आवाज परत येतो. पहिला शब्द परत येईपर्यंत पुढचा निघालेला असतो, आणि दोघांचा काला होतो. तरुण कान अंदाजाने भागवून नेतात, म्हाताऱ्या कानांना ते जमत नाही. आवाज वाढवला की कालाही वाढतो.

बाबा बाहेर ओट्यावर होते. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, माझं बोलणं कळतंय ना?"

"कलतं गो बाय. आत मना आवाज येतो, शब्द येत नाय. पन सांगू कोनाला? सगली बोलतान, म्हातारा बहिरा झाला."

मला रागच आला. आत जाऊन रवीशेठच्या बायकोला, सुजाताताईंना विचारलं, "घरात गोधड्या किती आहेत?"

"गनपतीच्या पावन्यांसाठी ढीग हाय. कशाला?"

"टांगायला."

"एवढ्या हौसेनं लावलेल्या टाइल्स झाकायच्या?"

"तासाभरापुरत्या."

जिन्याच्या कठड्यावर, खिडक्यांच्या ग्रिलवर, दोरी बांधून मागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या. दोन टीव्हीसमोर अंथरल्या. जाड, मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, परत पाठवत नाही. मग सेट जोडला. कुठला, ते कोणाला सांगितलं नाही.

बाबांना आग्रह करून आत आणलं. ते सोफ्याच्या कडेला बसले, उठून जायच्या तयारीने. एक विनोदी मालिका लावली. रवीशेठनी सवयीने आवाज फुल केला.

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रव्या, आवाज कमी कर. बहिरा समजलास काय मना?"

सुजाताताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. रवीशेठ मात्र रिमोट हातात धरून बापाकडे बघतच राहिले. आवाज निम्म्यावर आला. थोड्या वेळाने मालिकेत कोणीतरी काहीतरी बोललं आणि बाबा सगळ्यांच्या आधी हसले. तेव्हा कुठे ते मागे रेलून बसले.

"किती वॉटचा हाय ह्यो?" रवीशेठनी हळूच विचारलं.

"तुम्ही परत केलात, त्याच्याएवढ्याच. तोच आहे."

पुढे त्यांनी एका भिंतीला जाड पडदे लावले आणि टीव्हीसमोर गालिचा टाकला. हळदीच्या दिवशी पडदे सरकवायचे, गालिचा गुंडाळायचा. मोठा सेट माझ्या दुकानातच राहिला.

होम थिएटर निवडताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला समोर बसवा. आवाज बेताचा ठेवा. त्याला शब्द कळले तर सेट पास. खोक्यावर काय छापलंय ते छापणाऱ्यांनी वाचावं.