काचेच्या टेबलावरची लखमीमावशी

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. लखमीमावशी भेटेल त्याला पहिल्याच दिवशी पगार विचारायची. कशेळीच्या गोडाऊनमध्ये मी कॉम्प्युटरवर लागले, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन समोर बसली आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाली, "तुला किती देतात गो बाय?" मी निजामपुऱ्यातली पदवीधर मुलगी. मला राग आला. असं विचारत नसतात, हे मी तिला ऐटीत सुनावलं. "न्हाय विचारत म्हणून तं त्यांचं फावतं," ती म्हणाली आणि सुकटीची चटणी माझ्या डब्यात वाढून मोकळी झाली.

अकलोलीजवळच्या पाड्यावरून ती शेअरच्या टेम्पोने यायची. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी. थोरल्या मुलीची शाळा नववीत सुटली, कारण मावशीच्या मजुरीत दोन्ही मुलींचं बसभाडं बसत नव्हतं. धाकटीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

आमच्याकडे स्टीलची आणि काचेची भांडी यायची. स्टीलच्या टेबलावर पुरुष, काचेच्या टेबलावर बायका. खोकी भरायची, चिकटपट्टी मारायची, काम एकच. पण बायकांची मजुरी दिवसाला दीडशे रुपयांनी कमी. मॅनेजर म्हणायचे, पुरुषांचं काम जड, बायकांचं नाजूक. शिवाय पुरुषाला घर चालवायचं असतं. हे दुसरं कारण ऐकलं की मावशी उसळायची. "आन् माझं घर काय उतारावर सोडलंय, आपोआप चालायला?"

एका सकाळी बायका काचेकडे फिरकल्याच नाहीत. मावशी बाकीच्या नऊ जणींना घेऊन स्टीलच्या टेबलाला उभी राहिली आणि मुकादमाला म्हणाली, "आज जड आम्ही उचलतो. नाजूक त्यांना द्या, त्यांनाबी जरा आराम." पुरुष हसत हसत काचेकडे गेले. पेला कागदात गुंडाळताना आधी तळ, मग कड, आणि खोकं भरलं की हलवून त्याला कान लावायचा, ही विद्या बायकांची. तिला कोणी विद्या म्हणत नव्हतं, इतकंच. पुरुषांनी पेले कांद्यासारखे भरले. दुपारपर्यंत टेबलाखाली दोन पोती फुटकी काच जमली. इकडे स्टीलची खोकी वेळेत ट्रकला लागली. शेवटचं खोकं मावशीने डोक्यावर घेतलं आणि मॅनेजरच्या केबिनवरून वळसा घालून नेलं. तो वळसा मुद्दाम होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी माझ्याकडून निरोप धाडला. मावशीला एकटीला पुरुषांइतकी मजुरी मिळेल, पण कुठे बोलायचं नाही. मला वाटलं, मी आनंदाची बातमी घेऊन चाललेय. मावशीने सगळं ऐकून घेतलं, मग साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गप बसायची मजुरी मना नको. काम केल्याची द्या, दहाबी जणींना."

मग आवाज उतरवून तिने मला सांगितलं, शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या सुनीलला त्याचा पगार विचार. सुनील माझ्याबरोबरच लागला होता, माझंच काम करत होता. तिला त्याचा आकडा ठाऊक होता, पण तो मी विचारायला हवा, असं तिचं म्हणणं. मी विचारला. बिचारा ओशाळला, पण खरं बोलला. माझ्यापेक्षा चार हजार जास्त. मला त्याचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. वर्षभर मी बायकांची कमी मजुरी कॉम्प्युटरवर चढवत होते आणि तो प्रश्न मजूर बायकांचा आहे, असं समजत होते.

सोमवारी मावशीला गेटवरच अडवलं. आता गरज नाही, एवढंच सांगितलं. हे कळताच आतल्या नऊ जणी पेल्यांना हात न लावता उभ्या राहिल्या. ट्रक खोळंबला. दुपारी मॅनेजर वाकले: सगळ्यांना सारखी मजुरी देऊ, पण लखमी परत नको. बायका नाही म्हणू लागल्या, तेव्हा गेटच्या जाळीपलीकडून मावशीनेच त्यांना दटावलं. "घ्या गो. हाती आलेलं सोडू नका. माझे हात मी बरोबरच घेऊन चाललीय, त्यांना कुठंबी काम भेटंल."

तिची पिशवी द्यायला मी गेटवर गेले. मला रडू आवरेना. धाकटीच्या शाळेचं काय, म्हणून विचारलं.

"ती शिकंल. ते माझं मी बघते," मावशी म्हणाली. "पन तू हितं कशाला उभी? तुझं मागायचं राहिलंय ना?"

मी डोळे पुसून आत गेले, खुर्चीवर न बसता सरळ केबिनमध्ये. मॅनेजरनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, उद्या तुझं लग्न होईल, तू सोडून जाशील.

मी म्हटलं, "लग्न होईल तेव्हा होईल, सर. काम मी आज करतेय."